पॉलिमर क्लेचा अर्धपुतळा दर वेळी तडकतो? तापमान उतरवण्याआधी तडा नीट बघा

पुतळा ओव्हनमध्ये जाताना गुळगुळीत असतो आणि बाहेर येतो तेव्हा मानेवर नाहीतर डोक्याच्या मागे एक तडा असतो. तो बुजवून पुन्हा भाजलं की तिथेच, किंवा बोटभर अंतरावर, दुसरा. पॉलिमर क्लेत अर्धपुतळे आणि उभ्या आकृत्या करणाऱ्यांची ही सर्वांत जुनी तक्रार, आणि तिच्यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय चुकीचा आहे. "आच जास्त झाली, पुढच्या वेळी तापमान कमी ठेव" असं हमखास ऐकू येतं. तापमान कमी ठेवलं की क्ले अर्धवट भाजली जाते, अर्धवट भाजलेली क्ले ठिसूळ राहते आणि आधीपेक्षा लवकर तडकते. मग तापमान आणखी खाली येतं. काही जण या फेऱ्यात अडकून शेवटी क्लेचा ब्रँडच बदलतात, आणि नव्या ब्रँडच्या पुतळ्याला त्याच जागी तडा जातो.

दिसायला सारख्या असलेल्या तड्यांमागे निदान तीन-चार वेगळी कारणं असतात आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्याला मारक ठरू शकतो. म्हणून बुजवायची घाई नको. तडा कुठे आहे, ओव्हन गरम असताना उघडला की थंड होताना, वरवरचा आहे की आतल्या गाभ्यापर्यंत, म्हणजे ज्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या गोळ्यावर क्ले चढवलेली असते तिथपर्यंत, गेलाय, एवढं आधी ठरवा. निम्मं काम तिथेच होतं.

ओव्हनमध्ये नेमकं काय घडतं

कुंभाराच्या मातीत पाणी असतं, ते उडून गेलं की माती आकसते आणि तडकते. मातीकामातून या माध्यमाकडे आलेले लोक तोच हिशेब इथे लावतात. पॉलिमर क्लेत पाणी नसतं. पीव्हीसीचे अतिशय बारीक कण, त्यांना मऊ ठेवणारा प्लॅस्टिसायझर नावाचा तेलकट द्रव, भर घालणारी पूड आणि रंग, एवढ्याचीच ती बनलेली असते. उष्णता मिळाली की कण तो द्रव शोषून फुगतात आणि एकमेकांना चिकटून एकजीव होतात. त्यामुळे "सावलीत हळूहळू वाळू द्या" किंवा "ओलं फडकं गुंडाळून ठेवा" हे सल्ले इथे लागू पडत नाहीत. ओलं फडकं तर उलट त्रासच देईल, कारण सांध्यात शिरलेलं पाणी पुढे वाफ होऊन बाहेर यायला बघतं.

एकजीव होण्याला ठरावीक तापमान लागतं आणि ते ब्रँडनुसार बदलतं. सुपर स्कल्पीला १३५ अंश सेल्सिअस आणि दर ६ मिलिमीटर जाडीमागे १५ मिनिटं, फिमोला ११० अंश आणि ३० मिनिटं, काटो पॉलिक्लेला १५० अंश. पाकिटावर जो आकडा असेल तो धरायचा. १३५ अंशांची क्ले १०५ अंशांवर तासन् तास ठेवली तरी तिला पूर्ण ताकद येत नाही, वेळ वाढवून तापमानाची उणीव भरून निघत नाही. वरची मर्यादाही आहे. साधारण १७५ अंशांच्या पुढे पीव्हीसीचं विघटन सुरू होतं आणि घसा-डोळे जाळणारा हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडतो. तसा झणझणीत वास आला तर ओव्हन बंद करा, खिडक्या उघडा आणि खोलीबाहेर जा. पुतळ्याचं नंतर बघू.

जास्त आचेच्या खुणा ओळखायला सोप्या असतात: नाकाचा शेंडा, कानाची पाळी, बोटांची टोकं तपकिरी होतात, पृष्ठभागावर फोड येतात, वास येतो. यातलं काहीच नसेल आणि नुसता तडा असेल, तर तापमानाला दोष देण्याआधी पुढचं वाचा.

गरम असताना उघडलेला तडा

भाजण्याची वेळ संपत आली की ओव्हनच्या काचेतून टॉर्च मारून पुतळ्याकडे बघा. काच नसेल तर वेळ संपल्यावर दार क्षणभर किलकिलं करा. हात लावू नका, गरम क्ले भाजून झालेली असली तरी मऊ असते. तडा या घडीलाच दिसत असेल आणि थंड झाल्यावर तो थोडा मिटल्यासारखा वाटत असेल, तर आतलं काहीतरी फुगलं आणि त्याने बाहेरची कातडी फाडली. हे "काहीतरी" म्हणजे बहुतेक वेळा हवा.

हिशेब साधा आहे. २५ अंशांची हवा १३५ अंशांपर्यंत तापली की तिचं आकारमान एक तृतीयांशाहून जास्त वाढतं. फॉइलचा गाभा आणि क्ले यांच्यामध्ये कुठे पोकळी राहिली असेल, तर ती हवा वाट शोधते. क्ले तेव्हा मऊ असते, आधी फुगवटा येतो आणि मग तो सर्वांत पातळ जागी फाटतो. अशा तड्याच्या आसपास बोट फिरवलं तर किंचित उंचवटा लागतो. नखाने टकटक केलं तर बाकीच्या जागेपेक्षा पोकळ आवाज येतो. हे दोन्ही असेल तर निदान पक्कं समजा.

हवा कुठून येते? पहिली जागा म्हणजे सैल चुरगाळलेली फॉइल. तिच्या घड्यांत भरपूर खाचा असतात आणि वर क्लेची पोळी टाकली की त्या सगळ्या झाकल्या जातात. गाभा करताना फॉइलचा गोळा टेबलावर ठोकून, गुंडाळून, लाकडी दांड्याने दाबून पृष्ठभाग जवळजवळ गुळगुळीत करा. मग क्लेचा अगदी पातळ थर अंगठ्याने घासून प्रत्येक खाचेत भरा. इथे दाबून चोपडायचं असतं, पोळी गुंडाळून चालत नाही. हा पहिला थर कंटाळवाणा आहे आणि लोक नेमका तोच उरकतात. काही जण फॉइलवर लिक्विड क्लेचा (ओतता येणाऱ्या पातळ पॉलिमर क्लेचा) हात देऊन मग हा थर चढवतात. पकड चांगली येते, फक्त लिक्विड क्ले खळग्यात साठू देऊ नका.

दुसरी जागा क्लेतच असते. क्ले मळताना ती दुमडून दुमडून दाबली की प्रत्येक घडीत हवा अडकते. पास्ता मशीनमधून (क्लेची पोळी लाटायच्या रुळांच्या यंत्रातून) काढत असाल तर घडीची बाजू आधी आत घाला, म्हणजे हवा उघड्या कडेने निघून जाते. उघडी बाजू आधी घातली तर हवेला जायला जागाच उरत नाही. गालफड, कपाळ, खांदा असे उंचवटे भरताना मोठा गोळा एकदम थापण्यापेक्षा छोट्या गोळ्या एका कडेने दाबत न्या. फुगा दिसला तर सुईने तिरकं भोक पाडून हवा दाबून काढा आणि भोक बुजवा.

तिसरी गोष्ट फार कमी जण करतात आणि माझ्या मते अर्धपुतळ्यात तीच सर्वांत उपयोगी आहे: गाभ्याला श्वास घ्यायला वाट ठेवा. कितीही ठोकली तरी फॉइलच्या आत हवा राहणारच. तिला क्लेने सगळीकडून बंदिस्त केलं तर ती क्ले फोडूनच बाहेर येईल. अर्धपुतळ्याचा तळ कुणाला दिसत नसतो. तळाशी फॉइल उघडी ठेवा आणि जाड दाभणाने तळातून गाभ्यात खोलवर दोन-तीन भोकं पाडा. उभ्या आकृतीत धडाचा गाभा बंद असेल तर कपड्याच्या घडीत किंवा केसांच्या खाली लपेल असं एक बारीक भोक पुरतं.

हवेपेक्षा वाईट पाहुणा म्हणजे ओलावा. पाण्याची वाफ झाली की ती मूळ पाण्याच्या दीड हजार पटींहून जास्त जागा मागते. लाकडी काड्या, लाकडी बैठकीवरचे ठोकळे, वर्तमानपत्राचे बोळे, गाभ्यावरचा न वाळलेला गोंद, या सगळ्यांत पाणी असतं. लाकूड वापरायचंच असेल तर क्ले चढवण्याआधी तेवढंच ओव्हनमध्ये १३० अंशांच्या आसपास तासभर ठेवून सुकवा आणि कोमट झालं की लगेच कामाला घ्या, नाहीतर ते हवेतून पुन्हा ओलावा घेतं. थर्माकोलचा गाभा मात्र नको. १०० अंशांच्या आसपासच तो मऊ होऊन आकसतो आणि पुतळ्याचं डोकं आतून बसतं. अ‍ॅक्रिलिकच्या तयार डोळ्यांचंही तसंच, ते याच तापमानाला मऊ पडतात. डोळे काचेचे घ्या.

थंड होताना उघडलेला तडा

ओव्हन बंद करताना पुतळा निर्दोष होता आणि सकाळी कवटीच्या मागून मानेपर्यंत सरळ, स्वच्छ कडांचा तडा. जवळपास फुगवटा नाही. बॅटरी लावून आत पाहिलं तर फॉइल चमकते. हा तडा आकसण्याचा आहे आणि वरच्या उपायांनी तो जाणार नाही. उलट, गाभा दगडासारखा ठोकून घट्ट केला असेल तर तो वाढूही शकतो. तापमान कमी करणारे लोक फसतात ते याच ठिकाणी.

तापल्यावर सगळंच प्रसरण पावतं आणि थंड झाल्यावर आकसतं, पण सारख्या प्रमाणात नाही. अ‍ॅल्युमिनियमची १०० मिलिमीटर लांब तार १३५ अंशांवरून २५ अंशांवर आली की सुमारे पाव मिलिमीटर आकसते, पोलादी तार साधारण त्याच्या निम्मी. पीव्हीसीच्या जातीचं प्लॅस्टिक अ‍ॅल्युमिनियमच्या दुप्पट-तिप्पट, कधी त्याहून जास्त आकसतं. म्हणजे थंड होताना क्लेला लहान व्हायचं असतं आणि आतला गाभा तिला होऊ देत नाही. ढोलकीवर कातडं ताणलं जावं तशी ती गाभ्यावर ताणली जाते, आणि ताण सोसेनासा झाला की जिथे ती सर्वांत पातळ किंवा कच्ची असेल तिथे फाटते.

यावर तीन बाजूंनी काम करता येतं.

एक म्हणजे क्लेची ताकद. हीच बाब सर्वांत महत्त्वाची. पूर्ण भाजलेली चांगली क्ले थोडी लवचीक असते आणि एवढा ताण सहन करते. अर्धवट भाजलेली करत नाही. त्याच पाकिटातल्या क्लेची ३ मिलिमीटर जाड, बोटभर लांब पट्टी पुतळ्याशेजारी ठेवून भाजा. पूर्ण थंड झाल्यावर ती हळूच वाकवा. वाकली आणि परत आली तर ठीक, कट्कन तुटली तर भाजणं कमी पडलंय. काही क्ले मुळातच कडक असतात, म्हणून या चाचणीची तुलना त्याच ब्रँडच्या आधीच्या पट्टीशी करा. पट्ट्यांवर तारीख आणि वेळ लिहून डब्यात ठेवल्या की पुढे फार उपयोगी पडतात. नखाने टोचून बघण्याची प्रचलित चाचणी मला भरवशाची वाटत नाही, तिच्यातून फक्त वरच्या कातडीचं कळतं.

दुसरी बाजू जाडीची. क्लेचा थर सगळीकडे ६ ते १२ मिलिमीटरच्या दरम्यान असावा असं बघा. हनुवटीखाली २ मिलिमीटर आणि गालावर २५ असेल तर दोन्ही भाग वेगवेगळ्या वेगाने तापतात-निवतात आणि ताण त्यांच्या सीमेवर जमतो. भरीव डोकं हा याचाच टोकाचा प्रकार. जाडी दुप्पट झाली की उष्णता मधोमध पोचायला साधारण चौपट वेळ लागतो. म्हणून "दर ६ मिलिमीटरला १५ मिनिटं" हा नियम पातळ कामाला चालतो, पण मुठीएवढ्या भरीव डोक्याला पुरा पडत नाही. बाहेरचं कवच कडक होऊन जातं, मग आतला भाग तापून फुगतो आणि कवच उकलतं. भरीव डोक्याचा तडा गरम असतानाच दिसतो, पण त्याच्या कडेने फुगवटा नसतो, तो चांगला खोल आणि रुंद असतो. यावर भाजण्याची कोणतीही युक्ती शोधत बसू नका, गाभा मोठा करा. डोक्याच्या अंतिम आकारापेक्षा सगळीकडून साधारण १० मिलिमीटर कमी, आणि कवटीच्या आकाराचाच. गोल चेंडूवर डोकं उभारलं तर हनुवटी आणि डोक्याची मागची बाजू जाड होते, कानशिलं पातळ राहतात.

तिसरी बाजू थंड करण्याची. वेळ संपली की ओव्हन बंद करा आणि दार न उघडता तसाच राहू द्या. मोठ्या अर्धपुतळ्याला पूर्ण निवायला काही तास लागतात. गरम पुतळा बर्फाच्या पाण्यात बुडवण्याचा सल्ला तुम्ही वाचला असेल. पारदर्शक क्लेच्या पातळ मण्यांना किंवा पाकळ्यांना तो चालत असेल, गाभा असलेल्या पुतळ्याला तो अजिबात करू नका. सुरुवातही थंड ओव्हनपासून केलेली बरी. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये जाड काम ठेवलं की बाहेर-आतल्या तापमानात एकदम मोठा फरक पडतो. थंड ओव्हनमध्ये ठेवून तापमान चढू द्या आणि ठरलेल्या आकड्याला पोचल्यापासून वेळ मोजा.

गाभ्याबद्दल एक बारकावा राहिला. पृष्ठभाग घट्ट हवा हे वर म्हटलंच, पण मध्यभागी फॉइल थोडी दबणारी असलेली चांगली. ती क्लेबरोबर किंचित आत जाते आणि ताण कमी होतो. एपॉक्सी पुट्टीचा भरीव गाभा किंवा लाकडी ठोकळा तसूभर हलत नाही. त्यामुळे आतून सैलसर, बाहेरून ठोकलेला असा गाभा करा.

तडा नेहमी त्याच जागी का

मान, जबड्याखालची खाच, तोंडाचे कोपरे, काखा, केसांच्या बटांमधली खोल रेघ. यांत समान गोष्ट एकच: अणकुचीदार तळाची खाच. ताण अशा टोकावर एकवटतो. सुरीसारख्या हत्याराने ओढलेली रेघ म्हणजे तड्याला आयती दिलेली सुरुवात. रेघ ओढून झाली की गोल टोकाच्या हत्याराने किंवा रबरी टोकाच्या शेपरने तिचा तळ हलकेच गोल करा. दिसण्यात काडीचा फरक पडत नाही, सावली तशीच खोल दिसते.

मानेची गोष्ट आणखी वेगळी. डोकं वेगळं करून नंतर मानेवर बसवलं असेल तर तिथे सांधा असतो, आणि वरून गुळगुळीत केलेला सांधा आतून जोडलेला असेलच असं नाही. दोन्ही बाजू आडव्यातिडव्या ओरखडा, लिक्विड क्लेचा पातळ हात द्या, दाबून बसवा आणि मग सांध्यावर क्लेची वळी ठेवून ती दोन्हीकडे मिसळा. भाजलेल्या भागावर कच्चा भाग जोडताना तर हे हवंच. भाजलेला गुळगुळीत पृष्ठभाग आधी अल्कोहोलने पुसून बोटांचं तेल काढा.

क्ले किती मळली आहे हेही सांध्यांतच कळतं. जुनी, चुरा होणारी क्ले नुसती दाबून एकत्र केली तर ती कणांचा ढीगच राहते. कच्च्या क्लेची पट्टी वाकवल्यावर कडेला भेगा पडत असतील तर अजून मळा, किंवा त्याच ब्रँडचं सॉफ्टनर थेंबाथेंबाने घाला. मऊ क्ले कडक करायला कागदावर ठेवून तिच्यातलं तेल शोषून घेण्याची युक्ती चांगली आहे, पण रात्रभर विसरलात तर क्ले कोरडी होते आणि पुढे बारीक जाळीसारख्या भेगा देते.

ओव्हनची झडती

ओव्हनच्या बटणावरचा आकडा हा फक्त अंदाज असतो. ओव्हनमध्ये ठेवायचा वेगळा थर्मामीटर घ्या आणि तो पुतळ्याच्या शेजारी, त्याच उंचीवर ठेवा. रिकामा ओव्हन लावून अर्धा तास दर पाच मिनिटांनी आकडा लिहा. छोट्या ओव्हनमध्ये कॉइल पेटते-विझते तसा तो २०-३० अंशांनी वर-खाली होताना दिसला तर आश्चर्य नाही. एका वेळच्या आकड्यावरून बटण फिरवू नका, चढ-उतारांचा मध्य बघा. आत एक-दोन जाड फरशीचे तुकडे ठेवले की ते उष्णता धरून ठेवतात आणि हे हेलकावे बरेच कमी होतात.

छोट्या ओव्हनचा दुसरा दोष म्हणजे कॉइल जवळ असते. हवेचं तापमान बरोबर दाखवत असलं तरी कॉइलकडे तोंड असलेला कपाळाचा भाग थेट तापतो, मागची बाजू कच्ची राहते. पुतळ्यावर फॉइलचा सैल तंबू करा, तो क्लेला टेकता कामा नये. तंबूमुळे आतलं तापमान चढायला थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून थर्मामीटर तंबूच्या आत ठेवा. मायक्रोवेव्हच्या लहरींवर पॉलिमर क्ले भाजता येत नाही, तो विषय तिथेच संपवा.

उभ्या आकृत्यांचे घोटे आणि मनगटं

इथला तडा बहुतेक वेळा ओव्हनमुळे नसतो. घोट्यात आतल्या आधाराच्या तारेवर जेमतेम एक-दीड मिलिमीटर क्ले असते आणि वरच्या सगळ्या वजनाखाली तार किंचित हलते. तार हलली की क्ले फुटते, मग ती कितीही उत्तम भाजलेली असो. जाड तार घ्या, किंवा दोन तारा एकमेकींभोवती पिळून घ्या. पिळलेल्या तारेत क्लेला पकडही मिळते. पायातून आलेली तार बैठकीत खोलवर रोवा आणि पुतळा उचलताना कायम बैठक धरा.

भाजताना आणखी एक गोष्ट घडते: कडक होण्याआधी क्ले मऊ पडते. पसरलेला हात त्या काही मिनिटांत खाली झुकतो आणि काखेत आडवी भेग उघडते. लोक म्हणतात काखेत तडा गेला, खरं तर हात ओघळलेला असतो. भाजण्यापूर्वीचा आणि नंतरचा फोटो एकाच कोनातून काढून ठेवला की हे लगेच लक्षात येतं. हाताखाली फॉइलचा टेकू द्या आणि क्लेला जिथे टेकतो तिथे टिश्यू पेपरची घडी ठेवा, म्हणजे फॉइलची चमकदार खूण उमटत नाही. कागद या तापमानाला पेटत नाही, फक्त तो कॉइलला लागू देऊ नका.

तडा वाटतो, पण तडा नाही

त्वचेच्या रंगाच्या अर्धपारदर्शक क्लेत भाजल्यावर आत फिकट चंद्रकोरीसारखे डाग दिसतात. त्यांच्यावर नख अडकत नाही. त्याने ताकद कमी होत नाही, रंगवायचं असेल तर विसरून जा. अल्कोहोलने गुळगुळीत करताना हात जड झाला तर वरच्या कातडीवर केसासारख्या रेषा येतात, त्या ओल्या सँडपेपरने निघतात. पाण्याखाली घासण्याचा दुसरा फायदा म्हणजे धूळ नाकात जात नाही.

बुजवायचा कसा

कारण सापडल्यावर मगच. हवेचा तडा असेल तर आधी तळातून भोक पाडून हवेला वाट द्या, नाहीतर पुन्हा भाजताना तीच हवा तुमची भर उचलून टाकेल. भाजलेल्या क्लेत बारीक ड्रिल बिट हाताने फिरवून भोक सहज पडतं.

तडा आहे तसा भरू नका. केसाएवढ्या फटीत क्ले आत जात नाही, तोंडाशीच बसते. धारदार सुरीने कडा तिरक्या कापून इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच करा आणि तड्याच्या दोन्ही टोकांच्या थोडं पुढपर्यंत न्या. धूळ पुसून घ्या. खाचेत लिक्विड क्ले चोळा, जास्तीची टिपून घ्या, मग त्याच क्लेची वळी दाबून भरा. भर किंचित वर राहू द्या, नंतर घासून सपाट करता येते. भाजलेली क्ले योग्य तापमानाला पुन्हा भाजल्याने बिघडत नाही, उलट आधी कच्ची राहिली असेल तर सुधारते. म्हणून दुरुस्तीच्या वेळी दोन मिनिटं हीट गन (गरम हवा फेकणारं हत्यार) मारून मोकळं होण्यापेक्षा पूर्ण पुतळा पूर्ण वेळ भाजा. हीट गन एका जागी स्थिर धरली तर भर जळते आणि शेजारची जागा एकटीच तापून नवा तडा देते.

आकसण्याच्या तड्याला मात्र क्लेने भरून पुन्हा भाजणं अनेकदा पुरत नाही. पुन्हा तापला, पुन्हा निवला, पुन्हा तेवढाच ताण. एकदा पूर्ण वेळ भाजून पुतळ्याची ताकद पुरी करून घ्या, थंड होऊ द्या, तडा जितका उघडायचा तितका उघडू द्या आणि मग त्यात दोन भाग मिसळले की न भाजता कडक होणारी एपॉक्सी पुट्टी भरा. यानंतर ओव्हन नाही. पुट्टीचा रंग वेगळा असतो, त्यामुळे पुतळा रंगवायचा असेल तरच हा मार्ग घ्या. रंग पाण्यात विरघळणारे अ‍ॅक्रिलिक वापरा. काही एनॅमल रंग आणि स्प्रे वॉर्निश क्लेमधल्या प्लॅस्टिसायझरशी जुळत नाहीत, आठवड्यांनंतरही बोटाला चिकटत राहतात. आधी पट्टीवर लावून पाहा.

एवढं करूनही तोच पुतळा तिसऱ्यांदा फुटला तर त्याला वाचवण्यात क्ले आणि वेळ घालवू नका. बारीक दातांच्या करवतीने तो तड्याच्या रेषेवरून उभा कापा. कापलेल्या बाजूवर फॉइल आणि क्लेमध्ये फट दिसली तर पहिला थर नीट चोपडला गेला नव्हता. क्लेचा आतला पट्टा बाहेरच्यापेक्षा वेगळ्या छटेचा, नखाने चुरा होणारा असेल तर तो भाजलाच गेलेला नाही. क्ले एकसंध आहे, गाभ्याला घट्ट चिकटलेली आहे आणि तरी फाटली आहे, तर मोजपट्टी घेऊन सर्वांत पातळ आणि सर्वांत जाड जागा मोजा. ते दोन आकडे पुढच्या पुतळ्याचा गाभा करताना समोर ठेवा.